प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर: वरचे मजले नेमके कुठून येतात?

सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपल्या प्लॉटला दोनचा एफएसआय आहे." म्हणजे प्लॉटच्या दुप्पट बांधकाम करता येईल. हे सांगणारे काका खोटं बोलत नसतात. पण त्या दोनपैकी 1.10 एवढाच प्लॉटचा स्वतःचा असतो. उरलेला 0.90 विकत आणायचा असतो, आणि तोही एका दुकानातून मिळत नाही. अर्ध्याहून थोडा जास्त महापालिकेकडून, पाटीवर लिहिलेल्या भावाने. बाकीचा बाजारातून, त्या दिवशी जो भाव असेल त्या भावाने. पहिल्याला प्रीमियम एफएसआय म्हणतात, दुसऱ्याला टीडीआर. इमारत उभी राहिल्यावर कुठला मजला कशातून आला हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून सभासद दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. बिल्डर असं करत नाही. दोन-तीन कोटींच्या भांडवलावर एका वेळी एकच इमारत उभी करणारा छोटा बिल्डर तर नाहीच नाही.

आधी जमिनीवरचं बोलू. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. सरकारी मराठीत चटईक्षेत्र निर्देशांक. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली तर उरलेल्या महाराष्ट्रात डिसेंबर 2020 पासून एकच नियमावली लागू आहे. तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. (मुंबईचं गणित वेगळं, तिथल्या भावाला फोन करून पुण्याचा हिशेब करू नका.) पुणे आणि पिंपरी-चिंचवडसारख्या महापालिकांत, दाट वस्तीचा जुना भाग वगळता, मूळ एफएसआय 1.10 आहे. त्यावर किती चढवता येईल हे ठरतं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून.

रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर काहीच नाही, 1.10 वर गाडी थांबते. 9 ते 12 मीटरच्या रस्त्यावर 0.50 प्रीमियम आणि 0.40 टीडीआर, एकूण 2. पुढे रस्ता रुंद होत जातो तसा एकूण आकडा 2.25, 2.50 असा चढत 30 मीटरच्या रस्त्यावर 3 पर्यंत जातो. या चढत्या आकड्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. प्रीमियमचा वाटा सगळीकडे 0.50 वरच अडकलेला आहे. वाढतो तो फक्त टीडीआर, 0.40 पासून 1.40 पर्यंत. म्हणजे "बाजारात कशाला जाऊ, सगळं पालिकेकडूनच घेतो" असं बिल्डरला म्हणताच येत नाही. पूर्ण क्षमता वापरायची तर दुसऱ्या दुकानाची पायरी चढावीच लागते.

प्रीमियम एफएसआय समजायला सोपा. ही सरकारने आकारलेली किंमत. रेडी रेकनरमधला, म्हणजे सरकारच्या जमीन-दरांच्या तक्त्यातला, मोकळ्या जमिनीचा दर घ्यायचा, त्याच्या 35 टक्के दराने हवं तेवढं क्षेत्र घ्यायचं, चलन भरायचं. यात घासाघीस नाही, दलाल नाही, कागद खरा की खोटा ही धाकधूक नाही. रेडी रेकनरचा नवा तक्ता 1 एप्रिलला येतो, दर वाढला की प्रीमियमही वाढतो. मार्चअखेर बांधकाम विभागात फायलींची जी धावपळ असते तिचं एक कारण हेही आहे.

टीडीआरचा जन्मच वेगळा. विकास आराखड्यात एखाद्याच्या जमिनीवर रस्ता, बाग किंवा शाळेचं आरक्षण पडतं. पालिकेकडे रोख मोबदला द्यायला पैसे नसतात. मग ती जमीनमालकाला सांगते: जागा आम्हाला दे, तिच्या बदल्यात बांधकामाचा हक्क घे, आणि तो हक्क दुसऱ्या कुणालाही विक. त्या हक्काचा कागद म्हणजे डीआरसी, विकास हक्क प्रमाणपत्र. विरळ भागात दिलेल्या जागेच्या दुप्पट, दाट वस्तीत तिप्पट हक्क मिळतो. झोपडपट्टी पुनर्वसनातून किंवा वारसा वास्तू जपण्यातूनही टीडीआर तयार होतो, त्यांचे नियम निराळे. शब्द एकच असला तरी माप एक नसतं: पुणे महापालिकेत 1997 मध्ये आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, तेव्हा तिथल्या मालकांना मोबदला ठरला तो अवघा 8 टक्के टीडीआरचा.

म्हणजे टीडीआर हा कुणाच्या तरी गेलेल्या जमिनीचा मोबदला आहे. त्याचा भाव विकणारा आणि घेणारा ठरवतात. बाजारात डीआरसी कमी असले की भाव चढतो, एखाद्या मोठ्या आरक्षणाचे कागद बाहेर आले की उतरतो. आणि घेतलेलं सगळं क्षेत्र आपल्या प्लॉटवर जसंच्या तसं उतरतही नाही. जमीन गेली तिथला रेडी रेकनर दर भागिले इमारत होणार तिथला दर, गुणिले डीआरसीवरचं क्षेत्र, असं सूत्र आहे. शहराच्या कडेला 20,000 रुपये चौरस मीटर दराच्या जागेतून निघालेला 800 मीटरचा टीडीआर 40,000 दराच्या प्लॉटवर आणला की 400 मीटरच भरतो. हे दोन्ही दर डीआरसी निघालेल्या वर्षीचे धरतात, आजचे नाहीत. त्यामुळे स्वस्त वाटणारा कागद महाग पडू शकतो आणि महाग वाटणारा स्वस्त. हे गणित नीट करणारा माणूस मोठ्या बिल्डरच्या ऑफिसात पगारावर असतो. छोटा बिल्डर आर्किटेक्टला विचारतो, किंवा दलालाच्या शब्दावर जातो.

आता एक हिशेब मांडू. प्लॉट 1,000 चौरस मीटरचा, रस्ता 9 मीटरचा, रेडी रेकनर 40,000 रुपये. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत. जुन्या सोसायट्यांना पुनर्विकासासाठी मिळणारं जादा प्रोत्साहन क्षेत्र वेगळं, ते इथे धरलेलं नाही. मूळ हक्क 1,100 मीटर, प्रीमियमचे 500, टीडीआरचे 400, असे 2,000. यावर निवासी बांधकामाला 60 टक्के ॲन्सिलरी मिळतो, म्हणजे बाल्कनी, जिने, लिफ्ट वगैरेंसाठीचं क्षेत्र. धरून 3,200 मीटर. प्रीमियमचं चलन 500 गुणिले 40,000 चे 35 टक्के, म्हणजे 70 लाख. ॲन्सिलरीही फुकट नाही; पुण्यात तो 15 टक्के दराने, म्हणजे 1,200 मीटरचे 72 लाख. विकास शुल्क, कामगार उपकर वगैरे अजून बाकीच आहेत. 400 मीटर टीडीआरची रक्कम मी लिहीत नाही, कारण हा लेख तुम्ही वाचाल त्या दिवशी ती वेगळी असेल. छोट्या बिल्डरची अडचण नेमकी तीच आहे.

मोठी कंपनी भाव पडलेला असताना डीआरसी घेऊन ठेवते आणि चार प्रकल्पांत थोडा थोडा चढवते. एका इमारतीवाल्याला भाव काहीही असला तरी त्याच्या फाइलीला लागेल तेव्हाच घ्यावा लागतो. सोसायटीबरोबरच्या करारात सभासदांना किती जागा द्यायची हे दीड-दोन वर्षांपूर्वी सही करून बसलेला असतो. मधल्या काळात टीडीआर वर गेला तर ती वाढ सरळ त्याच्या नफ्यातून जाते.

मग तो म्हणतो, आधी मूळ एफएसआयवर प्लॅन पास करून घेऊ, सीसी (काम सुरू करण्याचा परवाना) घेऊ, काम सुरू करू, फ्लॅट विकले जातील तसा टीडीआर प्लॅनवर चढवून सुधारित प्लॅन टाकू. वर्षानुवर्षं शहरं अशीच वाढली. पण जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि फ्लॅटही आठापेक्षा जास्त असतील तर रेराची, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि रेराच्या कलम 14 प्रमाणे विक्रीनंतर प्लॅनमध्ये मोठा बदल करायचा तर दोन-तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती हवी. ग्राहकाच्या बाजूने हे रास्तच आहे. सातवा मजला शेवटचा, वर फक्त गच्ची म्हणून घर घेतलं आणि वर आणखी तीन मजले चढले, असं कुणाला आवडेल? पण परिणाम असा की पैसे लागतात सगळ्यात आधी, आणि नोंदणीआधी जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही म्हणून पैसे येतात सगळ्यात शेवटी. या मधल्या फटीत प्रीमियम थोडा बरा, कारण पालिका व्याज लावून का होईना हप्ते देते. टीडीआर विकणारा जमीनमालक हप्त्यांवर क्वचितच तयार होतो.

जानेवारी 2021 मध्ये, दीपक पारेख समितीच्या शिफारशीनंतर, राज्य सरकारने बांधकामावरचे प्रीमियम त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत निम्मे केले. अट अशी की ग्राहकाचं मुद्रांक शुल्क बिल्डरने भरावं. ऐकायला सगळ्यांसाठी सारखं. माझ्या मते फायदा त्यांचाच झाला ज्यांच्या फायली तयार होत्या आणि खात्यात रोकड होती. टीडीआरचा भाव तर बाजाराचा, त्यावर अशी सवलत देताच येत नाही. उलट प्रीमियम स्वस्त झाला की टीडीआर घेणारे भाव पाडून मागतात. एकाचा दर हलवला की दुसराही हलतो.

आणि हे सगळं रस्ता 9 मीटर असेल तर. 6 मीटरच्या गल्लीतला तोच 1,000 मीटरचा प्लॉट ॲन्सिलरी धरून 1,760 मीटरवर थांबतो, 3,200 वर जात नाही. मोठ्या बिल्डरला अशा गल्लीत रस नसतो, तिथे छोटाच येतो, आणि तिथेच त्याला दोन्ही दुकानं बंद. 2020 मध्ये पुणे महापालिकेत असे 6 मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते 9 मीटर करण्याचा प्रस्ताव आला, तो याचसाठी. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर प्लॉटमधून घ्यायचं आणि समोरच्यांना टीडीआर वापरायला मोकळं करायचं. त्यावर बराच वाद झाला. झाडं जातील, पार्किंग जाईल, अरुंद गल्लीत उंच इमारती येतील, हे आक्षेप खरेच होते. पण पाणी गळणाऱ्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला कुणीही बिल्डर मिळत नाही, हेही तितकंच खरं.

म्हणून पुढच्या सभेत कुणी "दोनचा एफएसआय" म्हणालं की दोन प्रश्न विचारा. फीजिबिलिटी रिपोर्टमध्ये, म्हणजे प्रकल्प परवडतो का याच्या हिशेबात, टीडीआरचा भाव किती धरलाय आणि तो वाढला तर कुणी सोसायचा? आणि रस्ता किती मीटर धरलाय: मंजूर आराखड्यातला, की सेक्रेटरींनी गेटसमोर टेप धरून मोजलेला?