पुस्तकी खेळीची कसोटी
११ मे १९९७, न्यूयॉर्क. डीप ब्लू या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाविरुद्धच्या सहाव्या डावात विश्वविजेत्या कास्पारोव्हने कारो-कान बचाव या सुरुवातीत सातव्या खेळीला एच६ वर प्यादे सरकवले आणि संगणकाने ई६ वर घोडा झोकून दिला. डाव १९ खेळ्यांत आटोपला. एवढे धाडस यंत्राला सुचले कसे? सुचलेच नव्हते. खेळी ओपनिंग बुकातली होती, आणि ती त्याच दिवशी सकाळी त्यात घातली होती, असे डीप ब्लूच्या चमूतले ग्रँडमास्टर मिगेल इयेस्कास यांनी पुढे सांगितले.

ओपनिंग बुक म्हणजे डावाच्या सुरुवातीला (ओपनिंगमध्ये) कोणत्या स्थितीत काय खेळायचे याची तयार वही. स्थिती वहीत सापडते तोवर इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, डोके चालवत नाही. १९६७ च्या मॅक हॅक या प्रोग्रामकडेही एमआयटीतल्या विद्यार्थ्यांनी बनवलेली अशी वही होती. पुढे केन थॉम्पसन यांनी ‘बेल’ या यंत्रासाठी ओपनिंगच्या विश्वकोशातल्या ओळी, म्हणजे खेळ्यांचे ठरलेले क्रम, रोज थोड्या थोड्या करत स्वतः टंकल्या. वही मोठी म्हणजे चांगली, असा तो काळ.

खरी अडचण वही संपते तिथे सुरू होते. समजा, बुकाने हल्ल्यासाठी एक प्यादे दिले. पुढच्या खेळीला इंजिन स्वतः हिशेब करते, त्याला एक प्यादे कमी दिसते, आणि हल्ला सोडून ते मोहरी मागे घेऊ लागते. माणसाला शोभणारी ओपनिंग यंत्राला पेलतेच असे नाही. रॉबर्ट हायट यांच्या क्राफ्टी या इंजिनने यावर साधा तोडगा काढला: बुकाबाहेर पडल्यावरच्या पहिल्या काही खेळ्यांत इंजिनचे स्वतःच्या स्थितीचे मूल्यांकन घसरतेय का पाहायचे, आणि घसरत असेल तर त्या ओळीचे वजन, म्हणजे ती निवडली जाण्याची शक्यता, कमी करायचे. डावाच्या निकालापेक्षा हा निकष मला जास्त प्रामाणिक वाटतो, कारण चांगल्या ओपनिंगनंतरही डाव साठाव्या खेळीला हरता येतो.

निकालच मोजायचे तर डाव ढिगाने लागतात. नाणे शंभरदा उडवले तरी ५५ किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे १८ टक्के असते. त्यामुळे शंभर डावांत ५५-४५ ने जिंकलेले ‘सुधारित’ बुक खरेच सुधारले का, हे कळत नाही. तरी असे दावे सर्रास होतात.

मग प्रश्न उलटाही आला: तुलना इंजिनांची करायची असेल तर बुकाचा फायदा काढायचा कसा? ग्रँडमास्टर जॉन नन यांनी निवडलेल्या दहा स्थिती याच कामी आल्या. प्रत्येक स्थितीतून दोन डाव, दुसऱ्यात रंग बदलून. आज स्टॉकफिश या इंजिनच्या चाचण्याही तशाच जोडडावांनी होतात. पण इंजिने इतकी पक्की झाली आहेत की समतोल सुरुवातीतून बहुतेक डाव बरोबरीत सुटतात, आणि बरोबरीतून फरक कळत नाही. म्हणून चाचणीसाठी आता मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या स्थितींचे बुक वापरतात. खेळायच्या बुकातून ज्या ओळी आधी वेचून बाहेर काढायच्या, त्याच इथे शोधून भरतात.