दोन आठवड्यांच्या घोडवाटेने मोजलेलं रान

मुंबईकराची घोड्याशी ओळख बहुधा माथेरानला होते. दस्तुरी नाक्यावर मोटार सोडायची, घोडेवाल्या मामांनी आपल्या पायाच्या मापाने रिकीब बांधून द्यायची आणि लाल मातीच्या वाटेने रपेट सुरू. माझीही ओळख तशीच झाली. तासाभराने उतरायची वेळ आली तेव्हा मी खोगीर सोडायला तयार नव्हतो. आता अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणारे ओळखीचे लोक तिथल्या ‘वाइल्डरनेस’मधल्या, म्हणजे कायद्याने राखलेल्या रानांतल्या, आठ-दहा दिवसांच्या घोडसहलींबद्दल विचारतात. त्यांना मी आधी गिलाची गोष्ट सांगतो. कारण ते रान किती मोठं राखायचं हे ठरवताना अशाच सहलीचं माप धरलं होतं.

गिला हे न्यू मेक्सिको राज्यातलं डोंगराळ रान. आल्डो लिओपोल्ड १९०९ मध्ये अमेरिकेच्या सरकारी वनखात्यात रुजू झाले आणि त्या भागात घोड्यावरूनच हिंडले. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी स्वस्त झाल्या आणि सरकारी जंगलांत भराभर रस्ते शिरू लागले. लिओपोल्डना त्याची धास्ती वाटली. १९२१ मध्ये एका लेखात त्यांनी मांडलं की रस्ते, बंगले, माणसाची कसलीही बांधकामं नसलेला काही सलग मुलूख राखून ठेवावा. तो केवढा असावा? लादलेली जनावरं घेऊन दोन आठवडे फिरलं तरी पुरेल एवढा. एकर किंवा मैल न सांगता घोड्याच्या चालीचं माप सांगणारी ही व्याख्या मला फार मोलाची वाटते. पुढच्याच वर्षी त्यांनी गिलाचा प्रस्ताव दिला आणि ३ जून १९२४ रोजी खात्याने तो मान्य केला. या प्रकारचं राखलेलं हे पहिलं रान. आज त्याचं क्षेत्र सुमारे ५ लाख ५८ हजार एकर आहे, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या वीसपटीहून जास्त.

पण राखलं तेव्हा ते निर्मनुष्य होतं म्हणून ते कायमच निर्मनुष्य होतं असं मानणं अन्यायाचं ठरेल. तिथल्या कड्यांतल्या गुहांमध्ये मोगोयोन लोकांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली घरं अजून उभी आहेत. १९०७ मध्ये त्यांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. पुढे हा मुलूख अपाची या मूळनिवासी लोकांचा होता. १५९८ पासून स्पॅनिश वसाहतवाल्यांबरोबर या प्रांतात घोडे आले आणि काही पिढ्यांत अपाची पट्टीचे घोडेस्वार झाले. त्यांचा नेता जेरोनिमो आपला जन्म गिला नदीच्या उगमाकडचा सांगत असे. १८८६ मध्ये तो शरण आला आणि त्याला त्याच्या लोकांसह दूर फ्लोरिडात कैदेत पाठवलं गेलं. सहलीतल्या तळावर शेकोटीभोवती बसताना हे ठाऊक असायला हवं.

१९२४ चा निर्णय खात्यापुरता होता, आणि खात्याला तो वाकवताही येत होता. हरणं वाढावीत म्हणून लांडगे आणि डोंगरी सिंह (प्यूमा) मारण्याचं धोरण होतं, लिओपोल्डही तेव्हा त्याच मताचे होते. हरणं एवढी वाढली की चारा पुरेना. मग शिकाऱ्यांना आत जाता यावं म्हणून १९३०च्या सुमारास याच रानातून रस्ता काढला आणि रानाचे दोन तुकडे झाले. रस्त्यापलीकडच्या पूर्वेच्या भागाला १९८० पासून लिओपोल्ड यांचंच नाव आहे.

म्हणून संसदेच्या कायद्याची गरज होती. रानं राखण्यासाठी झटणाऱ्या ‘वाइल्डरनेस सोसायटी’चे हॉवर्ड झानायझर यांनी त्यासाठी आठ वर्षं मसुद्यामागून मसुदा लिहिला. ३ सप्टेंबर १९६४ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली, पण ती पाहायला झानायझर नव्हते. चार महिन्यांपूर्वीच ते गेले. कायद्याने अशा रानांत मोटारच नव्हे, यांत्रिक वाहतूकच बंद केली. सायकलसुद्धा चालत नाही. घोडा आणि खेचर मात्र चालतं.

वाटाड्याबरोबरच्या सहली कायद्याच्याही आधीच्या. अमेरिकन फॉरेस्ट्री असोसिएशनने १९३३ पासून सभासदांच्या अशा घोडसहली काढल्या. रान स्वतः पाहिलेली माणसंच ते राखायला उभी राहतील, हा त्यामागचा हिशेब होता. पुढे १९६४ च्या कायद्याने वाटाड्यांच्या व्यवसायाला मर्यादित मुभा ठेवली. परवाना लागतो, माणसं आणि जनावरं किती न्यायची यावरही अनेक ठिकाणी बंधन असतं.

सहलीचा खरा कणा म्हणजे लादणी. आपल्याकडे वंजाऱ्यांचे तांडे बैलांवर मीठ-धान्य लादून घाट चढ-उतार करत, तशी तिथे खेचरांची माळ चालते. पालाणाच्या दोन्ही बाजूंचं ओझं काट्यावर तोलून सारखं करतात, कारण थोडा फरक राहिला तरी चढावर पालाण कलतं आणि जनावराची पाठ सोलवटते. वर ताडपत्री घालून दोर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या गाठीने आवळतात. तंबू, शिधा, भांडी सगळं असंच जातं. वाटेत झाड आडवं पडलेलं असलं तरी यंत्राची करवत चालवायची नाही. वनखात्याची माणसं तिथे दोघांनी ओढायची लांब करवत वापरतात, आणि ती करवतही खेचराच्या पाठीवरूनच येते.