पर्जन्यनोंदींचे सार्वजनिक सादरीकरण (सातारा व सांगली)

पर्जन्यमापकांवर वर्षानुवर्षे टिपलेला पाऊस आकडे, आलेख वा नकाशे यांतून सामान्य वाचकासमोर त्याची दिशाभूल न होता मांडणे. सातारा-सांगलीत हे काम विशेष जोखमीचे आहे, कारण येथे जिल्ह्याच्या सरासरीइतका पाऊस फार थोड्या गावांत पडतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तेथून हवाई अंतराने शंभर किलोमीटरही नसलेल्या, माण तालुक्यातल्या दहिवडीकडे तो जेमतेम पाचशेच्या घरात असतो. घाटमाथ्यावर पावसाने झोडपले की जिल्ह्याची सरासरीच्या तुलनेतली टक्केवारी शंभरापुढे जाते. त्याच वेळी माणमधल्या वाड्यावस्त्यांवर टँकर चालू असू शकतात. म्हणून आकडा तालुक्याचा, जमल्यास महसूल मंडळाचा (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचा) द्यावा.

टक्केवारीही एकटी देऊ नये. भारतीय हवामान विभाग सरासरीच्या 19 टक्के वर-खालीपर्यंतचा पाऊस 'सरासरीइतका' धरतो. 19 टक्के तूट महाबळेश्वरला हजारभर मिलिमीटरची असते आणि तरीही चार हजारांहून अधिक उरतात. सांगलीतल्या कोरड्या जत-आटपाडीत ती शंभराच्या आसपास भरते. पण ती परतीच्या पावसातली असली तर रब्बी ज्वारीची पेरणीच धोक्यात येते. टक्क्यांशेजारी मिलिमीटर आणि महिनावार पाऊस असल्याशिवाय शेतकऱ्याला त्या आकड्याचा उपयोग नाही.

आलेखाचे पहिले वर्ष कोणते, हा सर्वांत नाजूक प्रश्न. 1972 च्या दुष्काळापासून रेघ काढली तर पाऊस वाढत गेल्यासारखा दिसतो, 2005 च्या अतिवृष्टीपासून काढली तर घटल्यासारखा. एकही आकडा खोटा नसताना वाचक फसतो, आणि असे फसवणे अक्षम्य आहे. निदान तीस वर्षांची सलग मालिका दाखवावी व सरासरी कोणत्या कालखंडाची, ते आलेखावरच लिहावे.

पुराच्या पातळीला पावसाचा पुरावा मानण्याची चूक सांगलीत सहज होते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांवर गेले, 2005 पेक्षाही वर. मात्र या उंचीत पावसाबरोबर कोयनेसारख्या धरणांचा विसर्ग आणि नदीपात्राची अवस्थाही मिसळलेली असते, म्हणून पातळी व पाऊस यांचे आलेख वेगळे ठेवावेत.

न घेतलेली नोंद आणि शून्य पाऊस यांतही फरक हवा. मापक बंद असलेल्या दिवसाची जागा कोरी सोडावी. तेथे शून्य भरले, तर पाऊस पडूनही ते मंडळ कागदावर कोरडे ठरते.