पहिल्यांदाच जीएम होताय? अ‍ॅडव्हेंचर घेण्याआधी एवढं वाचा

टेबलावरच्या रोल-प्लेइंग गेममध्ये प्रत्येक प्लेयर एकेक पात्र होतो, आणि गोष्ट चालवतो तो जीएम, म्हणजे गेम मास्टर; त्याने चालवायची तयार गोष्ट पुस्तकात मिळते, तिला म्हणतात अ‍ॅडव्हेंचर. आम्हाला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे 'मी पहिल्यांदाच गेम चालवणारे, कुठलं अ‍ॅडव्हेंचर घेऊ?', आणि विचारता विचारता बहुतेकांचा हात जातो तो सगळ्यात जाड पुस्तकाकडेच. जरा थांबा. वाचायला भारी असलेलं अ‍ॅडव्हेंचर टेबलावर चालवायला भारी निघेलच असं नसतं, राजघराण्याचा दोनशे वर्षांचा इतिहास झोपताना वाचायला मस्त वाटतो, पण प्लेयरने 'दाराला कुलूप आहे का?' विचारलं की तुम्हाला लागते फक्त एक ओळ, आणि ती समोरच्याच पानावर पाहिजे, चाळीस पानं मागे नाही.

म्हणून आमची टेस्ट सोप्पी आहे. मधलीच कुठली तरी खोली उघडा, आधीचं काहीही न वाचता. आत शिरल्यावर काय दिसतं, तिथे कोण आहे, त्याला काय हवंय आणि प्लेयर्सनी मारामारी न करता बोलायचं ठरवलं तर काय, हे अर्ध्या मिनिटात कळलं तर पुस्तक घ्या, नाही कळलं तर परत ठेवा, आम्हाला वाईट वाटणार नाही.

आता मारामारीचं. फर्स्ट लेव्हलची कॅरेक्टर्स, म्हणजे प्लेयर्सची अगदी नवखी पात्रं, फार नाजूक असतात हे नवीन जीएमच्या लक्षातच येत नाही. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या गेमच्या २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं अ‍ॅडव्हेंचर घ्या, सुरुवातीलाच रस्त्यावर चार गॉब्लिन (छोटे दुष्ट राक्षस) दबा धरून बसलेले असतात, ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण गॉब्लिनचा एक बाण लागला की डॅमेज सहा बाजूंच्या फाशावर जे पडेल ते अधिक २, म्हणजे ३ ते ८, आणि विझार्डचे, म्हणजे जादूगाराचे, हिट पॉइंट्सच (किती डॅमेज सोसता येतं तो आकडा) असतात सहा-आठ, त्यामुळे पहिल्याच बाणाला एखादा भिडू आडवा होऊ शकतो. तरीही ते अ‍ॅडव्हेंचर आम्हाला आवडतं, कारण प्लेयर्स हरले तर काय हे तिथे लिहिलेलं आहे: गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून, लुटून निघून जातात, म्हणजे गोष्ट संपत नाही, उलट आता सामान परत मिळवायचं असतं. हरण्याची सोय असलेलं अ‍ॅडव्हेंचर शोधा, जिंकण्याची सोय सगळेच करतात.

तेच फाशांचं. पुढे जायचा एकमेव रस्ता 'शोधा आणि रोल करा' वर टांगलेला असेल तर गडबड. फाशावर पडेल त्यात कॅरेक्टरचा बोनस मिळवून टार्गेट गाठायचं असतं; टार्गेट १५ आणि बोनस ५ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर निदान १० पडायला पाहिजेत, म्हणजे शंभरात ४५ वेळा नापास! मग सगळे तुमच्या तोंडाकडे बघत बसणार. रहस्याची गोष्ट असेल तर एकाच निष्कर्षाकडे नेणारे निदान तीन धागे हवेत, कारण एक प्लेयर्सना दिसत नाही, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ काढतात, आणि तिसऱ्यावर गाडी पुढे सरकते.

वाचून दाखवायचा मजकूर तीन-चार ओळींचा बरा, त्याच्या पुढे गेलात की लोक मोबाइल काढतात. एनपीसी (ज्यांच्या वतीने जीएम बोलतो ती पात्रं) थोडेच असू दे, प्रत्येकाला नाव, काहीतरी हवं असणं आणि बोलायची एखादी लकब एवढं पुरतं, त्याच्या आजोबांची माहिती नको. मॅप दोन हवेत, एक तुमचा आणि एक सापळे न दाखवणारा, प्लेयर्ससाठी.

'एकाच रस्त्याने नेणारं नको, पूर्ण मोकळं जग पाहिजे' असं नेटवर सगळीकडे वाचाल. पटत नाही आम्हाला, निदान पहिल्या वेळी तरी. सुरुवात ठरलेली असू दे, पुढे दोन-तीन वाटा फुटू दे, आणि पाच-सहा खोल्यांची छोटी गुहा असू दे, तीन-चार तासांच्या सेशनला तेवढं भरपूर होतं.

तयार कॅरेक्टर्स सोबत आहेत का तेही बघून घ्या, नाहीतर पहिली संध्याकाळ कॅरेक्टरची माहिती शीटवर भरण्यातच जाते. आमच्या अ‍ॅडव्हेंचरच्या पॅकेटमध्ये ती आतल्या शेवटच्या पाकिटात ठेवलेली असतात, आणि ते पाकीट मात्र खेळाच्या आदल्या दिवशीच उघडा, म्हणजे कोणाला कोण व्हायचंय यावरून होणारी भांडणं आधीच उरकतील.