कापलेलं घर आणि ओतलेलं घर

पाडायला काढलेलं घर, त्यात शिरलेला कलाकार आणि काही महिन्यांत सगळं जमीनदोस्त. अमेरिकन कलाकार गॉर्डन मॅटा-क्लार्कचं ‘स्प्लिटिंग’ (१९७४) आणि ब्रिटिश शिल्पकार रेचेल व्हाइटरीडचं ‘हाउस’ (१९९३) या दोन्हींची हकीकत एवढ्यात आटोपता येते. म्हणून त्यांची नावं एका दमात घेतली जातात आणि गल्लत होते. प्रत्यक्षात ही दोन कामं एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

मॅटा-क्लार्क वास्तुशास्त्र शिकलेला होता. न्यू जर्सीतल्या एंगलवूडमध्ये त्याला एक दुमजली लाकडी घर मिळालं. भाडेकरूंना बाहेर काढलेलं, त्यांचं बरंचसं सामान आतच. त्याने वरपासून खालपर्यंत, घराच्या बरोबर मधोमध, यांत्रिक करवतीने दोन समांतर काप दिले. मग अर्ध्या घराखालचा पाया तिरका तासला आणि तो अर्धा भाग जॅकवरून हळूहळू खाली बसवला. घर कललं, फट उघडली. तळाशी ती अरुंद होती. जिना चढाल तशी रुंद होत जायची आणि वरच्या मजल्यावर पाय टाकताना जपावं लागायचं. उन्हाची पट्टी जिन्यावरून, भिंतींवरून थेट आत उतरायची. म्हणजे इथे नवं काही उभारलेलं नाही. होतं त्यातून थोडं काढून घेतलं, आणि बंद घरात उजेड आला.

व्हाइटरीडने उजेडाला जागाच ठेवली नाही.

पूर्व लंडनमधल्या ग्रोव्ह रोडवरचं १९३ नंबरचं घर. शेजारची घरं पाडून झालेली. तिने आतल्या भिंतींवर जाळी बसवून काँक्रीटचा फवारा मारून घेतला. आपल्याकडे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत गनायटिंग करतात, तेच तंत्र. काँक्रीट घट्ट झाल्यावर बाहेरच्या विटा उतरवल्या. गणपतीची मूर्ती निघाली की साचा बाजूला होतो. इथे घर हाच साचा होता आणि मूर्ती होती आतल्या पोकळीची. त्यामुळे सगळं उलटं दिसायचं. भिंतीत आत गेलेली शेकोटी बाहेर फुगून आलेली, खिडक्यांच्या जागी भरीव चौकोन, पुढे आलेल्या विजेच्या बटणाच्या जागी खळगा. छप्पर मात्र ओतलेलं नव्हतं.

‘स्प्लिटिंग’मध्ये लोक आत हिंडले. ‘हाउस’भोवती फक्त फेरी मारता यायची, कारण जिथे माणसं राहिली, जेवली, झोपली ती हवाच आता दगड झाली होती. मला हे दुसरं घर जास्त बोचतं. कापलेल्या घरात अजून वावरता येतं; ओतलेल्या घराने मात्र आपल्या माणसांची जागा घट्ट धरून ठेवली आणि कुणाला आत घेतलं नाही.

गाजावाजाही ‘हाउस’चाच मोठा झाला. २३ नोव्हेंबर १९९३ला व्हाइटरीडला टर्नर पुरस्कार, म्हणजे ब्रिटनमधला समकालीन कलेचा मानाचा पुरस्कार, मिळाला. त्याच दिवशी स्थानिक कौन्सिलने ते पाडायचं ठरवलं. ११ जानेवारी १९९४ला बुलडोझर आला.

‘स्प्लिटिंग’चं थोडं तरी उरलं. घर पडण्याआधी मॅटा-क्लार्कने छताजवळचे चारही कोपरे कापून काढले होते. ते आज सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत. ग्रोव्ह रोडवर गवत आहे.