ग्रामीण ब्रॉडबँड अनुदान : पात्रतेचे निकष

ग्रामीण ब्रॉडबँड अनुदान म्हणजे खेडोपाडी वेगवान इंटरनेट पोहोचवण्यासाठी सरकारने दूरसंचार सेवा देणाऱ्यांना दिलेले अर्थसाह्य. काही भागांत केबल टाकण्याचा किंवा टॉवर उभारण्याचा खर्च ग्राहकांच्या बिलांतून कधीच वसूल होत नाही. तिथली तूट या पैशातून भरून काढतात. भारतात हे अर्थसाह्य पूर्वी सार्वत्रिक सेवा दायित्व निधीतून मिळत असे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याची जागा डिजिटल भारत निधीने घेतली. गावात हमखास विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच दिलेले बरे : हे अनुदान कुटुंबाच्या हाती पडत नाही. पात्र ठरते ते गाव, आणि तिथे काम करणारी कंपनी किंवा संस्था.

सार्वत्रिक सेवा दायित्व निधीची सुरुवात १ एप्रिल २००२ ची. त्याला कायद्याचा आधार २००३ मध्ये मिळाला. परवानाधारक कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलातून (ठरावीक वजावटी केल्यानंतरच्या उत्पन्नातून) ५ टक्के रक्कम यासाठी घेतली जाते. ती आधी भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य तिजोरीत, जमा होते आणि संसदेच्या मंजुरीने इकडे वळते. वर्ष संपले म्हणून ती रद्द होत नाही. पहिली काही वर्षे फक्त साध्या टेलिफोनसाठीच पैसे मिळत. मोबाइल आणि ब्रॉडबँडला दार उघडले ते २००६ च्या दुरुस्तीने. ब्रॉडबँड कशाला म्हणायचे, तेही बदलत गेले : २००४ मध्ये सेकंदाला २५६ किलोबिट, पुढे ५१२ किलोबिट आणि २०२३ पासून किमान २ मेगाबिट.

कोणते गाव पात्र?

खरी गोम मोजणीच्या एककात आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या योजनेने ग्रामपंचायत हे एकक धरले. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचे, असे उद्दिष्ट होते. तालुक्याहून आलेली केबल पंचायतीच्या कार्यालयात भिंतीवरच्या एका पेटीत शिरते. शेजारी बॅटरी, जमल्यास छपरावर सौर पॅनल. पेटी बसली, तपासणीत सिग्नल आला, की ती पंचायत ‘सर्व्हिस रेडी’ म्हणून नोंदली जाते. लाइट गेल्यावर ती पेटी किती वेळ चालते, किंवा वाटेत रस्त्याचे खोदकाम निघून केबल तुटली तर किती दिवस बंद राहते, हे त्या शब्दातून कळत नाही.

महाराष्ट्रात हे एकक विशेष अडचणीचे ठरते. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतल्या कितीतरी गट ग्रामपंचायती : कार्यालय एका गावात, बाकीची गावे, वाड्या आणि पाडे डोंगराच्या पलीकडे. सातपुड्यात अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यात एकाच गावाचे पाडे टेकड्याटेकड्यांवर विखुरलेले असतात. पंचायत जोडली गेली म्हणजे हे सगळे जोडले गेले, असे मानणे हा त्या माणसांवर अन्याय आहे. भारतनेटच्या दुसऱ्या टप्प्यात ‘महानेट’च्या रूपाने राज्यानेच हे काम अंगावर घेतले, तरी एकक पंचायतच राहिले. ४ ऑगस्ट २०२३ ला मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात मात्र पंचायतीबाहेरची सुमारे ३.८ लाख गावे मागणीनुसार जोडण्याची तरतूद आली. केबलची रचनाही एकेरी न ठेवता वर्तुळाकार करायचे ठरले, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते.

मोबाइल टॉवरच्या योजनांत एकक गाव असते आणि निकष ‘तिथे सेवा आहे की नाही’ हा. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित (केंद्राने मागास म्हणून विकासासाठी निवडलेल्या) जिल्ह्यांमधली ७,२८७ गावे घेतली. त्या पाचांत महाराष्ट्र होता. जुलै २०२२ च्या योजनेत सेवा नसलेली २४,६८० गावे आली आणि फक्त टूजी-थ्रीजी असलेली ६,२७९ गावेही फोरजीसाठी पात्र धरली गेली. याच योजनेत २० टक्के जादा गावांची सोय आहे. पुनर्वसनामुळे किंवा नव्याने वसलेली वस्ती, तसेच जिथून आधीच्या कंपनीने गाशा गुंडाळला ते गाव यादीत बसू शकते. धरणग्रस्तांच्या गावठाणांचा अनुभव असलेल्या राज्याला या कलमाचे मोल वेगळे सांगायला नको.

एक ठिकाण जोडले की सगळा भाग जोडला गेला असे मानण्याची चूक अमेरिकेनेही आधी केली आणि सुधारली. तिथे जनगणनेसाठी आखलेल्या एका गटात (छोट्या भूभागात) एका घराला सेवा असली, तरी अख्खा गट ‘सेवायुक्त’ ठरत असे. २०२० च्या कायद्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये घरागणिक नकाशा प्रसिद्ध झाला. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातले ४२.४५ अब्ज डॉलर त्याच नकाशाच्या आधारे राज्यांत वाटले गेले. डाउनलोड २५ आणि अपलोड ३ मेगाबिटच्या खाली असलेले घर सेवावंचित, १०० आणि २० च्या खाली असलेले अपुऱ्या सेवेचे. आधी पहिल्यांचा हक्क. नकाशा चुकला असेल तर घरात राहणारा माणूस स्वतः हरकत नोंदवू शकतो.

पैसे कोणाला?

निधीची जुनी पद्धत निविदेची : जी कंपनी कमीत कमी अनुदान मागेल, तिला काम. २०२२ ची टॉवर योजना मात्र बीएसएनएलकडे सोपवण्यात आली. डिजिटल भारत निधीच्या ३० ऑगस्ट २०२४ च्या नियमांनी निविदा किंवा अर्ज मागवणे असे दोन्ही मार्ग ठेवले. संपूर्ण खर्च द्यायचा, काही वाटा उचलायचा की जोखीम वाटून घ्यायची, हे प्रकल्पागणिक ठरते. महिला, अपंग आणि दुर्बल घटकांसाठीच्या योजनाही या निकषांत बसतात.

या नियमांतली सर्वांत मोलाची अट पैसे मिळाल्यानंतरची आहे. निधीतून उभारलेले जाळे इतर सेवादारांनाही खुलेपणाने आणि भेदभाव न करता वापरू द्यावे लागते. तालुक्याच्या गावी केबल टीव्ही चालवणाऱ्याला पंचायतीच्या पेटीपासून पुढे वाडीपर्यंत स्वतःची तार ओढायची असेल, तर त्याला त्यासाठी याच अटीचा आधार आहे.