एक पैसा, दोन अंडी आणि कागदावरचं पाखरू

अमेरिकेत वीज, फोन टाळून जुन्या रीतीने राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या घरांत नाताळ वाजतगाजत येत नाही. बहुतेक वस्त्यांत सजवलेलं झाड नसतं, विजेची रोषणाई नसते, सांताक्लॉजही नसतो. दारची टपालपेटी मात्र या दिवसांत भरून जाते, आणि तिच्यात हाताने केलेली भेटकार्डं असतात. जाड कागदाला घडी, वर शिक्क्याने उमटवून रंगवलेलं चित्र, आत बायबलमधलं वचन आणि त्याखाली शाईने लिहिलेल्या चार ओळी.

छापील नाताळ कार्डाचा जन्म लंडनचा. आलेल्या पत्रांना उत्तरं लिहायला सवड नाही म्हणून हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. अमेरिकेत १८७० च्या दशकात बोस्टनच्या लुई प्रँग यांनी रंगीत शिळाछाप कार्डं बाजारात आणली. म्हणजे छापील कार्ड निघालं ते पत्र लिहिण्याचे कष्ट वाचवायला. आमिश कार्डामागे जी परंपरा आहे, तिचा उगम पत्र लिहायला शिकवण्यात आहे, आणि ती कोल यांच्या कार्डापेक्षा बरीच जुनी आहे.

१५२५ मध्ये झुरिकला काही जणांनी बालपणीचा बाप्तिस्मा नाकारून जाणत्या वयात पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यापायी छळ झाला, कित्येकांचा जीव गेला. या पंथातल्या मेनोनाइट शाखेपासून १६९३ च्या सुमारास याकोब आमान यांचे अनुयायी वेगळे झाले, ते आमिश. अठराव्या शतकात हे दोन्ही समाज पेनसिल्व्हेनियात येऊन स्थिरावले. सोबत आली जर्मन भाषा आणि फ्राक्टुर नावाचं टोकदार, वळणदार अक्षर. त्या अक्षराभोवती ट्यूलिप, हृदयं, पाखरं रंगवायची रीत या मुलखात जर्मन भाषिकांमध्ये घरोघरी रुजली. ती रुजवण्यात शाळामास्तरांचा मोठा वाटा होता.

क्रिस्टोफर डॉक हे त्यांच्यातले सगळ्यांत लोभस मास्तर. ते मेनोनाइट होते. स्किपॅक आणि सॅलफर्ड इथल्या दोन शाळा ते आठवड्यातले तीन-तीन दिवस वाटून घेऊन चालवत. मूल मुळाक्षरं शिकलं की बापाने त्याला एक पैसा द्यायचा आणि आईने दोन अंडी तळून द्यायची, असा त्यांचा नेम. पुढे चांगला अभ्यास केला की मास्तर स्वतः कागदावर फूल किंवा पाखरू काढून देत. शिवाय एका शाळेतली मुलं दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पत्रं लिहीत, आणि ती पोचवायला टपालवाले अर्थात मास्तरच. छडीच्या त्या काळात कौतुक म्हणून हाताने काढलेलं पाखरू देणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. १७७१ मध्ये एका संध्याकाळी ते शाळेतच, प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या स्थितीत, मरण पावलेले आढळले असं सांगतात.

पेनसिल्व्हेनियात १८३४ मध्ये सरकारी मोफत शाळांचा कायदा झाला. हळूहळू इंग्रजी वाढली आणि फ्राक्टुर मागे पडलं. आमिश घरांत ते पुस्तकांच्या आतल्या पानांवर टिकून राहिलं. लँकेस्टर परगण्यातल्या बार्बरा एबरसोल (१८४६–१९२२) शिवणकाम करत आणि लोकांच्या बायबलांत, प्रार्थनापुस्तकांत नावाचं पान रंगवून देत. मधोमध मालकाचं नाव, तारीख, आणि भोवती फुलं. आमिश समाजात मिरवणं हा दोष मानतात. म्हणून भिंतीवर टांगायचं चित्र तिथे अवघडून बसतं, पण कुणाला तरी द्यायच्या कागदावर फुलं काढायला आडकाठी नसते. कार्डाला आमिश घरात सहज जागा मिळाली ती यामुळे, असं मला वाटतं.

विसाव्या शतकात गावोगावच्या छोट्या शाळा मोडून मोठ्या शाळा होऊ लागल्या, तेव्हा आमिश पालकांनी एका खोलीच्या स्वतःच्या शाळा काढल्या. आठवीपुढे शाळेची सक्ती नको हे त्यांचं म्हणणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मान्य केलं. या शाळांत नाताळचा कार्यक्रम हा वर्षातला मोठा दिवस. मुलं गाणी आणि कविता म्हणतात, आईबाप दाटीवाटीने बाकांवर बसतात, आणि त्याआधीचे काही दिवस कागद, कात्री, रंग यांतच जातात.

शाळेनंतर कार्डाला दुसरा आधार टपालाचा. घरात फोन नाही, इंटरनेट नाही, आणि नातलग ओहायो, इंडियाना, विस्कॉन्सिनमध्ये पांगलेले. त्यामुळे पत्र ही रोजची गरज. कार्डावर कुटुंबाचा फोटो चिकटवायची अमेरिकी पद्धतही इथे चालत नाही, कारण मूर्ती किंवा प्रतिमा करू नये या आज्ञेला धरून ते छायाचित्रासाठी उभे राहत नाहीत. मग चित्र येतं ते पाखराचं, कोठाराचं, बर्फातल्या कुंपणाचं. कागद कापायची हँडल फिरवून चालणारी यंत्रं मिळतात, त्यांना वीज लागत नाही. रबरी शिक्क्यांनाही नाही.

ओहायोतल्या शुगरक्रीकहून १८९० पासून निघणाऱ्या ‘द बजेट’ या साप्ताहिकात गावोगावची खबरबात पत्ररूपाने छापून येते. त्यात कधी कुणी आजारी असल्याचं, कुणी कोठारावरून पडून अंथरुणाला खिळल्याचं कळतं. अशा वेळी नाव आणि पत्ता देऊन वाचकांना एवढंच सांगतात, की यांच्यावर कार्डांचा पाऊस पाडा. मग ज्यांनी त्या माणसाला कधी पाहिलेलंही नाही, ते कागदाला घडी घालून शाईची दौत उघडतात.